अहवालातील एक शब्द

आमच्या अणशी गावात कचेरीचा वा बँकेचा कागद आला की तो वाचून घेण्यासाठी लोक माझ्याकडे येतात. मुख्याध्यापकाला सर्व कागद वाचता येतात, असा त्यांचा समज आहे. खरे सांगायचे तर तो माझाही होता. माझ्या थोरल्या वहिनींच्या अहवालाने तो घालविला.

स्तनातील गाठ त्यांनी आठ महिने कोणास सांगितली नव्हती. अखेर घाट उतरून आम्ही कारवारला गेलो आणि तेथून मोठ्या शहरात. गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा कागद हाती आला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावोजी, काय लिहिलंय? खरं तेच सांगा." कागदावर 'पॉझिटिव्ह' हा शब्द होता. करोनाच्या साथीत त्या शब्दाची मनात बसलेली धास्ती पुन्हा उसळून आली. मी काही बोललो नाही. पण त्यांनी माझा चेहरा वाचला. ती रात्र आम्ही दोघांनीही जागून काढली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी उलगडा केला. तो शब्द रोग बळावल्याचा नव्हताच. वहिनींच्या गाठीतील पेशींत इस्ट्रोजेन ह्या संप्रेरकाचे ग्राही आहेत, एवढाच त्याचा अर्थ. संप्रेरक त्या ग्राहीला जाऊन मिळाले की पेशीस वाढण्याचा निरोप पोचतो. टॅमॉक्सिफेनची गोळी ती जागा आधीच अडविते आणि निरोप पोचू देत नाही. ज्या गाठीत ही खूण नसते, तिच्यावर ही गोळी निरुपयोगी. काही गाठींच्या पेशींवर हर-टू नावाचे प्रथिन फार असते. त्यांच्यासाठी ट्रास्टुझुमॅब हे निराळे औषध आहे. त्यास १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे नाव एक, परंतु रोग अनेक. आणि रेणूंची ही खूण ओळखल्यावाचून नेमके औषध निवडता येत नाही.

हे ऐकताना मला डॉ. कमल रणदिवे आठवल्या. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या ह्या विदुषीने मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे तंत्र शिकून त्या मायदेशी परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्यासाठी देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकतेचा व संप्रेरकांचा वाटा कोणता, हे त्या उंदरांवरील प्रयोगांतून वर्षानुवर्षे शोधीत राहिल्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. वहिनींची गोळी त्यांनी शोधलेली नव्हे. पण ज्या प्रश्नाशी तिचा संबंध आहे, त्या प्रश्नाशी एका मराठी स्त्रीने आयुष्य घालविले होते. शाळेतील विज्ञानदिनी मी त्यांच्याविषयी चार ओळी वाचून दाखवीत असे. त्यांचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

शस्त्रक्रिया झाली. आता रोज रात्री जेवणानंतर वहिनी गोळी घेतात. निदान पाच वर्षे ती चुकवायची नाही. परवा पालकसभेत मी ही हकीकत, त्यांच्या संमतीने, सांगितली. सभा संपल्यावर वहिनी स्वतःच आयांना म्हणाल्या, "पेशीवरची खूण डॉक्टर शोधतील, पण हाताला लागलेली गाठ आपणच सांगायला हवी. मी आठ महिने गप्प बसले, तुम्ही आठ दिवससुद्धा बसू नका."