खाडीपारचा हिशेब

दापोली

चि. सानिकास,


मुंबईहून गणपतीपुळ्यापर्यंत गाडीने, पण महामार्ग सोडून किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे झाल्यास फेरीबोटींसाठी किती पैसे धरावेत, या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात मावणारे नाही. त्या भाड्यामागे कोकणच्या भूगोलाची आणि दळणवळणाची जुनी हकिकत आहे, आणि ती ध्यानात घेतल्याखेरीज कोणते भाडे पदरात काही टाकते व कोणते केवळ हौसेचे ठरते, याचा उलगडा होत नाही.

सह्याद्रीतून पश्चिमेस उतरणाऱ्या नद्या लांबीने थोड्या असल्या, तरी त्यांच्या मुखांत भरतीचे पाणी शिरून रुंद खाड्या तयार झाल्या आहेत, आणि या खाड्यांनी किनारपट्टीचे तुकडे पाडले आहेत. आतल्या भागात मात्र पात्रे अरुंद असल्याने सावित्री महाडजवळ किंवा वाशिष्ठी चिपळूणजवळ पुलावरून सहज ओलांडता येते. म्हणून मुंबई–गोवा महामार्ग डोंगराच्या अंगाने गेला, आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेला कोकण रेल्वेचा मार्गही बराचसा आतूनच आखला गेला. बंदरांच्या गावांना एकेकाळी किनाऱ्याने सलग रस्ता नसल्याची झळ फारशी लागत नव्हती, कारण मुंबईतील भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी बंदरे घेत घेत दक्षिणेस जात, आणि खोल पाण्यात उभ्या राहिलेल्या बोटीवरून उतारू पडावात बसून किनाऱ्याला लागत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ही वाहतूक संपली, आणि समोरासमोर दिसणारी दोन गावे रस्त्याने मात्र तालुक्याएवढी लांब राहिली. किनाऱ्यालगतच्या रेवस–रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या काळापासून मांडली गेली; पण मोठ्या खाड्यांवरचे पूल रखडत राहिले.

ही उणीव भरून काढली ती गाड्या वाहणाऱ्या फेरीबोटीने. सुवर्णदुर्ग शिपिंग या खासगी कंपनीने २००३ मध्ये वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे अशी सेवा सुरू केली, आणि पुढे वेसवी–बागमांडला, तवसाळ–जयगड, आगरदांडा–दिघी या मार्गांवरही अशा बोटी धावू लागल्या. स्थानिक लोक जिला ‘जंगल जेटी’ म्हणतात ती ही सपाट तळाची बोट: पुढचा लोखंडी फळा साखळदंडांनी खाली येऊन धक्क्याच्या उतारावर टेकतो, खलाशी हाताच्या इशाऱ्याने एकेक गाडी आत घेतो, आणि चालकाने हातब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवली की फळा उचलला जातो. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा अधिक खालचा, ओला व शेवाळलेला भाग वापरावा लागत असल्याने, खालून कमी उंचीच्या गाडीने तेथे अंमळ जपून चढावे.

भाडे आकारण्याची रीत सगळीकडे एक नसते. नॉर्वेत मोटार-फेरी हा राष्ट्रीय रस्त्याचाच एक भाग समजला जातो. शासन निविदा काढून ती चालवून घेते आणि भाडे मुख्यतः गाडीच्या लांबीवर ठरते. कोकणात मात्र दुचाकी, मोटार, टेम्पो, बस असे गाडीच्या प्रकारानुसार दर असतात, आणि आत बसलेल्या प्रवाशांचे तिकीट वेगळे पडते. त्यामुळे अंदाजपत्रकात गाडी आणि माणसे यांचे दोन रकाने हवेत. दर वेळोवेळी बदलत असल्याने निघण्यापूर्वी ते ताजे करून घ्यावेत.

भाडे परवडते की नाही, याची कसोटी वाचलेल्या फेऱ्यात आहे. दापोलीहून गुहागरला खेड–चिपळूणमार्गे गेल्यास सुमारे १०० किलोमीटर भरतात, तर दाभोळहून खाडी ओलांडल्यास अंतर जवळपास निम्मे होते. गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०५ रुपयांना मिळते असे धरल्यास किलोमीटरला ७ रुपये पडतात, म्हणजे ५० किलोमीटरचे ३५० रुपये. गाडी व माणसे मिळून भाडे याच्या आत असेल तर ते इंधनातच फिटते, आणि वाचलेला वेळ फुकटात पदरी पडतो. भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीचा, म्हणजे जिच्यावर गाडी स्वतःच्या चाकांवर चढते व उतरते अशा मोठ्या बोटीचा, हिशेब निराळा आहे. २०२० मध्ये सुरू झालेली ही सेवा सुमारे तासाभरात पोहोचवते, पण तिचे भाडे खाडीवरच्या फेरीपेक्षा कितीतरी अधिक आहे. आणि तुलना करताना पेणमार्गे रस्त्याने लागणाऱ्या इंधनासोबत, २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरून गेल्यास, त्याचा टोलही धरावा लागतो. याउलट मुंबईहून थेट रत्नागिरीच गाठायची असेल, तर मांडवा धरून पाचही ठिकाणी पाणी ओलांडण्यात बचत काहीच नाही. फेरी शेजारच्या गावांना जोडते, दूरचा पल्ला आखूड करत नाही.

हिशेबात बहुधा सुटते ती बाब म्हणजे शेवटची फेरी. ती चुकल्यास खाडीला वळसा घालून रात्रीचा घाटरस्ता कापावा लागतो किंवा अलीकडच्या गावात मुक्कामाची खोली घ्यावी लागते, आणि त्या एका रात्रीचा खर्च चार खाड्यांच्या भाड्यालाही भारी पडू शकतो. म्हणून प्रत्येक खाडीमागे वळशाच्या इंधनाची रक्कम राखीव धरावी, सुट्ट्यांच्या दिवसांत रांगेसाठी हाताशी तासभर वेळ ठेवावा, मांडव्याच्या बोटीची जागा आधी आरक्षित करावी आणि खराब हवामानात फेऱ्या रद्द होतात हेही गृहीत धरावे. दिवसाचा बेत सकाळच्या प्रस्थानापासून पुढे न मांडता, शेवटच्या खाडीवरील शेवटच्या फेरीपासून मागे मांडत आणल्यास अलिबाग, श्रीवर्धन व दापोली येथे किती वेळ रेंगाळता येईल हे आपोआप ठरते, आणि राखीव ठेवलेली रक्कम बहुतेक वेळा तशीच शिल्लक राहते.

शुभाशीर्वाद.
आत्या