मापाने आवळलेला बोल्ट

व्यापारी कुटुंबात मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. सकाळी मालाची ने-आण, दुपारी वसुली, सायंकाळी नातलगांकडील कार्य, अशी तिच्यावर दिवसभर कामे असतात. ती बंद पडली की घर आणि पेढी या दोन्हींचा दिनक्रम विस्कटतो. तरीही तिच्या अंतरंगाची ओळख फार थोड्या घरांत असते. इंजिनाच्या टोकाला बसविलेली क्रँकशाफ्टची पुली हा असाच एक अपरिचित भाग होय.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोटांचा जोर त्यावर येतो. मिनिटाला ३,००० फेरे होत असतील, तर सेकंदाला १०० धक्के बसतात. प्रत्येक धक्क्याने तो पोलादी दांडा किंचित पिळला जातो व पुन्हा सैल होतो. ही थरथर शमविणारी योजना इंग्लिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० च्या सुमारास पुढे आणली. आज अनेक गाड्यांत हे काम पुलीच करते. तिच्या मधला तुंबा आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबराचा थर असतो व तो धक्के पोटात घेतो. उष्णता, तेल आणि वय यांमुळे हे रबर कडक होऊन तडकते. मग कडे जागचे सरकते, पट्टा तिरका धावतो, आणि त्या पट्ट्यावर चालणारे अल्टरनेटर व वातानुकूलन धोक्यात येतात. काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो. तेथे पट्टा निसटला की इंजिन तापते.

दक्षिण महाराष्ट्रातील एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी हाच प्रसंग उद्भवला. बारा वर्षांच्या गाडीतून रोज सकाळी चिरका आवाज येई. पट्टा नवा घातला, तरी आठ दिवसांत आवाज परतला. थोरल्या मुलाने मग पुलीच्या तुंब्यापासून कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. चार दिवस गाडी चालल्यावर रेघेचे दोन तुकडे झाले होते. बाहेरचा तुकडा बोटभर पुढे सरकला होता. हा पुरावा पाहून वडिलांनीही मान डोलावली.

पुली घरीच बदलण्याचा विचार मात्र त्यांना रुचला नाही. “आपला हात तराजूचा, पान्याचा नव्हे,” असे ते म्हणाले. मुलाने आधी गाडीची कार्यपुस्तिका समोर ठेवली. काही इंजिनांत टायमिंगचे दातेरी चाक याच बोल्टच्या दाबावर धरलेले असते. तेथे बोल्ट सैल होताच टायमिंग हलू शकते, म्हणून असे काम खास साधनांवाचून करू नये. या गाडीत तसे नव्हते. येथे चावी आणि खाच यांनी चाक जागेवर राहत होते. एवढी खात्री झाल्यावर वडिलांनी संमती दिली.

रविवारी सकाळी बॅटरीची तार काढली. गाडी सपाट जागी उचलून पक्क्या स्टँडवर ठेवली, कारण नुसत्या जॅकवरील गाडीखाली हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. पुढचे चाक व आतील आवरण काढले, ताण सोडून पट्टा उतरविला. गाडी वरच्या गिअरमध्ये घालून धाकट्याने ब्रेक दाबून धरला, तेव्हा लांब दांड्याच्या पान्याने मधला बोल्ट सुटला. स्टार्टरच्या झटक्याने बोल्ट सोडविण्याची युक्ती कोणी सुचविली होती. ती त्यांनी वापरली नाही. पुली हातोड्याने ठोकली असती तर आतील बेअरिंगला इजा झाली असती, आणि कडे धरून ओढली असती तर कुजलेले रबर फाटले असते. म्हणून पुलर तुंब्यालाच लावला. मागचे ऑइल सील तपासले, ते कोरडे होते. खाच पुसून चावी नीट बसविली आणि नवी पुली आत सरकविली.

खरी कसोटी त्यानंतर आली. बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळून पुढे ठरावीक अंशांत फिरवायचा होता, आणि घरात टॉर्क रेंच नव्हता. सायंकाळी नात्यातल्या लग्नाला जायचे होते. वडील अधीर झाले. “पाइप लाव आणि आवळ. हाताला कळते.”

मुलगा शांतपणे म्हणाला, “आण्णा, गिऱ्हाइकाला आपण कधी मुठीने माल देतो का? काटा दरवेळी प्रमाणित करून घेतो. हा बोल्ट सैल राहिला तर चावीची खाच खराब होईल, क्रँकशाफ्टच बदलावा लागेल.”

वडील क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बरोबर आहे तुझे. एसटीने जाऊ.” आणि घरची सर्व मंडळी एसटीने लग्नाला गेली.

सोमवारी परिचित गॅरेजमधून टॉर्क रेंच भाड्याने आणला. जुना बोल्ट आवळताना ताणला जातो व त्या गाडीसाठी तो एकदाच वापरावयाचा असल्याने नवा बोल्ट घेतला होता. तो मापाने आवळला, पट्टा चढविला, इंजिन सुरू केले. आवाज थांबला होता. नव्या पुलीवर मुलाने पुन्हा एक पांढरी रेघ ओढली. महिनाभराने वडील स्वतः विजेरी घेऊन ती पाहावयास गेले. रेघ एकसंध होती.

हिशेब मांडला तर पहिल्या खेपेस बचत फार नव्हती. मजुरी वाचली, पण पुलर आणि स्टँड यांत ती खर्ची पडली. मात्र ती साधने घरात राहिली, आणि पुढे गाडीचे कोणतेही काम काढताना वडील आधी एकच गोष्ट विचारू लागले, “याचे माप कोठे लिहिले आहे?”