महेश्वरचं पातळ

मैत्रिणींनो, इंदूरला कुणाकडे लग्नकार्याला गेलात, तर एक दिवस हाताशी ठेवा आणि महेश्वरला जाऊन या. धामणोदवरून बस जाते. बरोबर दशम्या असू द्या. घाटाच्या पायऱ्या चढता-उतरता भूक सडकून लागते.

आम्ही गेलो ते सासूबाईंना घेऊन. मामंजींना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून त्यांनी फिकट पातळाशिवाय काही नेसलं नव्हतं. आम्ही सांगून थकलो.

राजवाडा म्हणावा, तर आपल्याकडच्या एखाद्या वाड्याएवढाच! लाकडी खांब, ओसरी आणि पांढरी गादी. चौंडीच्या या लेकीने, अहिल्याबाईंनी, १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं होळकरांचं राज्य चालवलं. काशीचं विश्वेश्वराचं देऊळ, गयेचं विष्णुपद, घाट, विहिरी, हे सारं मी वर्गात मुलांकडून पाठ करून घेते. पण नर्मदेकाठी मला दुसरंच आठवत राहिलं.

१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव पडले. अहिल्याबाई सती निघाल्या, तेव्हा सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, विनवून त्यांना मागे फिरवलं. पुढे १७९१ साली जावई गेले आणि मुक्ताबाई, हे उरलेलं एकुलतं मूल, सती निघाली. आईने परोपरीने विनवलं. लेकीने ऐकलं नाही. सासऱ्यांचं आपण ऐकलं, लेकीने आपलं का ऐकू नये, असं त्या माउलीला वाटलं नसेल का? तीन दिवस त्यांनी अन्न जेमतेमच घेतलं, तोंडातून शब्द काढला नाही, असं माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे.

सासूबाई पायरीवर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग पुढं गं?"

"पुढं जवळजवळ चार वर्षं राज्य केलं की, आई."

त्या काही बोलल्या नाहीत.

नंतर माग पाहायला गेलो. इथे विणकर वसवले तेही अहिल्याबाईंनीच. मधे हा धंदा बसत चालला होता. १९७९ पासून 'रेहवा' संस्थेने गावातल्या बायकांना मागावर बसवून तो पुन्हा उभा केला. या पातळाचे काठ दोन्हीकडून सारखे, त्यामुळे उलटसुलट कसंही नेसा. (पहिल्यांदा थंड पाण्यात धुवा, वाळवा मात्र सावलीत.)

सासूबाईंनी आधी पांढऱ्या पातळांना हात लावला. मग ती बाजूला सारून अंजिरी रंगाचं उचललं, किंमत विचारली आणि चांगली घासाघीस केली. परतताना बसमध्ये ती पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.