अमृतांजन आलं का?

चाळिशी उलटली की माणसाला एक तर चष्मा लागतो, नाही तर अध्यात्म. मला मोटार लागली. आमच्या आईला मोटार लागायची ती निराळी. तिची गोष्ट पुढे येणारच आहे. मला लागली ती चालवण्याच्या हौसेने. वीस वर्षे वर्गात मराठी शिकवण्यात गेली, आणि मग एके दिवशी शिकाऊ उमेदवाराची लाल पाटी मोटारीच्या मागेपुढे लावून मी डोंबिवलीच्या रस्त्यांवर अवतरलो. पहिल्या आठवड्यात सौ. म्हणाली, "अहो, ज्ञानेश्वरीचा तास घेतल्यासारखे गिअर बदलू नका. दर ठिकाणी थांबून अर्थ सांगायचं कारण नाही!"

गावातल्या रस्त्यावर मोटार चालवणे हे कर्तव्य आहे. खरे सुख लांबच्या रस्त्यावर. कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागलो की माझे खांदे आपोआप सैल होतात. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आणि सहा पदरी असा हा रस्ता २००२ साली पुरता खुला झाला. नुसत्या अंकांनी मात्र त्याची मौज कळायची नाही. इंजिनाचा एकच सूर लागलेला असतो, उजवीडावीकडून माळ आणि डोंगर मागे सरकत असतात, भातणचा बोगदा येतो, मडपचा येतो, आणि पलीकडच्या तोंडाशी उजेडाचा रुपया हळूहळू थाळीएवढा होतो. त्या दोन तासांत मला पेपर तपासता येत नाहीत, फोन घेता येत नाही, कुणाला सल्ला देता येत नाही. नजर समोर ठेवायची, एवढेच काम. प्राध्यापकाला इतकी सक्तीची विश्रांती दुसरीकडे कुठे मिळणार?

परंतु नजर समोर ठेवली, तरी ती नजर मराठीच्या मास्तराची! रस्त्यावरचे अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय तिला चैन पडत नाही. 'वाहणे सावकाश चालवा' अशी पाटी दिसली की वाटते, उतरावे आणि त्या 'णे'चा 'ने' करून यावे. लोणावळ्यात शिरलो की विशेषणांची जत्राच भरते. चिक्की तीच, गूळ तोच, शेंगदाणेही बहुधा त्याच पोत्यातले. पण एक दुकान 'जुने', दुसरे 'मूळ', तिसरे 'खरे'. आणि जो 'आमची कोठेही शाखा नाही' असे लिहितो, त्याच्या दारात मोटारींची रांग सर्वांत मोठी. नकार देऊन गिऱ्हाईक ओढण्याची ही कला व्याकरणात शिकवीत नाहीत.

जाहिरातीकडे अशा नजरेने बघायला मला बाबांनी शिकवले. बाबा तारखात्यात कारकून. तारेत शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे जास्तीचा शब्द दिसला की त्यांना खिशाला भोक पडल्यासारखे वाटे. ते म्हणत, "जाहिरात म्हणजे रस्त्याला केलेली तार. शब्द थोडे, आणि पोचली पाहिजे." त्यांनी स्वतः कधी मोटार घेतली नाही, पण एस.टी.च्या खिडकीशी बसून सारा रस्ता वाचून काढीत. अमेरिकेतल्या एका दाढीच्या साबणाची हकिगत मी पुढे त्यांना सांगितली, तेव्हा ते किती खूश झाले! बर्मा-शेव्ह हे त्या साबणाचे नाव. ब्रश न वापरता दाढी करता येईल, असा हा माल. १९२५ सालापासून या कंपनीने रस्त्याकडेला अंतराअंतरावर छोट्या पाट्या रोवल्या. एकेका पाटीवर दोन-चार शब्द. मोटार पुढे जाईल तसतसा श्लोक पुरा होई, आणि शेवटच्या पाटीवर मालाचे नाव. यमक जुळेपर्यंत कुणाची नजर हलणार नाही, हा त्यातला कावा! १९६३ साली त्या पाट्या उठल्या. पुढे रस्ते रुंद झाले, मोटारी भरधाव धावू लागल्या, तेव्हा चालत्या गाडीतून कविता वाचायची सवड राहिली नव्हती.

फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंची युक्ती तर त्याहून खोल. त्यांचा धंदा टायरचा. १९०० साली त्या देशात मोटारी तीन हजारही नव्हत्या, आणि या भावांनी प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका छापून फुकट वाटली, तिच्या प्रती सुमारे ३५,०००! दुरुस्ती कुठे होईल, मुक्काम कुठे करावा, सारे तिच्यात. हिशेब सरळ होता: माणूस घराबाहेर पडला पाहिजे, तो हिंडला की टायर झिजणार, झिजला की नवा लागणार. १९२६ पासून ते चांगल्या खाणावळींना तारे देऊ लागले, आणि आज मोठमोठे आचारी त्या ताऱ्यांसाठी झुरतात. एका टायरवाल्याने जेवणाची परीक्षा घ्यावी आणि जगाने ती मानावी, याला काय म्हणावे? बाबा म्हणाले, "याला म्हणावं, गिऱ्हाइकाची भूक ओळखणं."

पण या सगळ्यांच्या वरताण करणारी एक जाहिरात आपल्या बोरघाटात होती. खंडाळ्याजवळ, घाट संपत येतो तिथे, एक जुना दगडी पूल रस्त्यावर कमान टाकून उभा होता. इंग्रजांच्या काळातला. बोरघाटाचा रस्ता १८३० साली गव्हर्नर माल्कम याने खुला केला. पुलाचे वयही वर्तमानपत्रे तेवढेच सांगत. कधी काळी त्या पुलावर अमृतांजन मलमाची जाहिरात झळकली, आणि पुलाचे नावच पडले 'अमृतांजन पूल'. पुढे जाहिरात गेली, नाव राहिले. ड्रायव्हर ते नाव घेत, पोलीस घेत, अपघाताच्या बातम्यांतही तेच छापले जाई. ज्या इंजिनिअराने पूल उभारला त्याला कुणी विचारीना. डोकेदुखीवरच्या पिवळ्या मलमाने मात्र त्याचे बारसे केले!

ते मलम काढणारे गृहस्थही साधे नव्हते. काशीनाथुनी नागेश्वर राव हे आंध्रातले. १८९३ साली त्यांनी मुंबईत हा उद्योग सुरू केला. गाण्याच्या मैफलींतून ते मलम फुकट वाटीत, असे सांगतात. त्या पैशावर त्यांनी १९०८ साली मुंबईतच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू नियतकालिक काढले आणि पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले. लोकांच्या कपाळावरून मिळालेला पैसा त्यांनी लोकांच्या डोक्यासाठी खर्च केला, असे म्हणायला हरकत नाही.

आता आईची गोष्ट. दर दिवाळीला आम्ही पुण्याला आत्याकडे जात असू. आईला घाट लागे. खोपोली आली की ती पदर डोक्यावरून घेई, डोळे घट्ट मिटी आणि हातातली अमृतांजनाची बाटली नाकाशी धरून बसे. घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराच्या देवळाशी कंडक्टर नाणे टाकी, आम्ही मुले हात जोडीत असू. आईचे डोळे मिटलेलेच. वळणामागून वळणे जात, आणि मिटल्या डोळ्यांनी ती एकच प्रश्न विचारी, "अमृतांजन आलं का?" पूल आला म्हणजे घाट संपला, हे तिला ठाऊक होते. आणि बाबा, सत्यवचनी बाबा, ज्यांनी आयुष्यात कधी तारेचा एक शब्द चुकवला नाही, ते अर्धा घाट शिल्लक असताना खुशाल म्हणत, "आलं, आलं. हे काय, वरून गेलं." आईचा चेहरा निवळे. मी काही बोलणार तोच बाबा मला दटावून विचारीत, "अमृतांजन. संधी सोडव." मी म्हणे, "अमृत अधिक अंजन. सवर्णदीर्घ." माझा पहिला संधी मी असा त्या पुलाच्या अलीकडे सोडवला. अंजन डोळ्यांत घालतात आणि हे तर कपाळाला चोळायचे, मग नाव असे का, हा माझा प्रश्न मात्र त्यांनी कधीच सोडवला नाही.

आई २०१८ साली गेली. तो पूल ५ एप्रिल २०२० रोजी सुरुंग लावून पाडला. त्याचे खांब द्रुतगती मार्गात येत होते, वाहतूक तिथे तुंबे, अपघात होत. टाळेबंदीमुळे रस्ता ओस होता, ती वेळ साधली. त्याच रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी दारांत दिवे लावले होते. आम्हीही गॅलरीत पणती लावली. पुलाची बातमी मी बाबांना सांगितली नाही. त्या दिवसांत सांगण्यासारख्या वाईट बातम्या इतर पुष्कळ होत्या.

पुढे बाबांना विस्मरण जडले. मी नवी मोटार घेऊन त्यांना पहिल्यांदा आत्याकडे नेले, तेव्हा खोपोली मागे पडताच शेजारच्या बैठकीवरून प्रश्न आला, "अमृतांजन आलं का रे?" मी चमकलो. शब्द आईचे, स्वरही जवळजवळ आईचा.

मी खरे ते सांगितले. "बाबा, तो पूल पाडला."

"कधी?"

"झाली काही वर्षं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?" एवढे बोलून ते तळेगावपर्यंत गप्प राहिले. परतताना पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि पुन्हा तीच नवी जखम. त्यांच्या लेखी तो पूल दर खेपेस त्याच क्षणी कोसळत होता. तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, "आलं, बाबा. हे काय, वरून गेलं."

मागून सौ. हळूच म्हणाली, "अहो, खोटं कशाला सांगता?" रात्री त्यावर आमचा वादही झाला. तिचे म्हणणे असे, की त्यांच्या विस्मरणाचा फायदा घेऊन आपण त्यांना फसवतो आहोत. ते मला अजूनही पुरते खोडता आलेले नाही. जाहिरातदारही हेच करतो की! माणसाची दुखरी जागा हेरतो आणि तिच्यावर गोड शब्द ठेवतो. फरक असला तर एवढाच, की मला काही विकायचे नव्हते. पण खरेच नव्हते का? त्यांच्या गप्प चेहऱ्याशेजारी बसून तळेगावपर्यंत गाडी चालवणे मलाही जड जात होते. तेवढी सुटका मी विकत घेतच होतो.

गेल्या दिवाळीत पुन्हा निघालो. पाऊस सरला होता, डोंगर अजून हिरवे होते, नागफणीचे टोक निळ्या आभाळात स्पष्ट दिसत होते. बाबा डोळे मिटून बसले होते. खोपोलीचा फाटा मागे पडला आणि त्यांनी विचारले, "अमृतांजन आलं का?"

मी घाई केली. "आलं, आलं. हे काय, वरून गेलं."

बाबांनी एक डोळा उघडला. "इतक्यात? अरे, अजून आडोशीचा बोगदा यायचाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीसुद्धा तिला असंच सांगायचो. तिला कळायचं."

"कळायचं?"

"कळायचं. पण बरं वाटायचं तिला." त्यांनी डोळा पुन्हा मिटला.

बोगदा आला, गेला. पूल होता त्या जागी आता नुसते मोकळे आभाळ आहे आणि वाहतूक सुरळीत वाहते. तिथे मी वेग थोडा कमी केला. मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. मी काही बोललो नाही; बाबाच मिटल्या डोळ्यांनी पुटपुटले, "आता आलं."