दादाची फियाट आणि माझा कॅमेरा

२०२४च्या जानेवारीत, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मी कॅमेरा विकत घेतला. "आता हे काय नवीन?" असं सौ.ने विचारलंच. तुम्हीही विचाराल, म्हणून सगळं सांगूनच टाकतो.

माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, १९७० ते २००१ मुंबईत टॅक्सी चालवत होता. आधी शेठची, मग स्वतःची. वडील गेल्यावर त्याने नववीत शाळा सोडली आणि माझं बी.ए. त्याच्या मीटरवर झालं. आमच्याकडे लग्नामुंजीचे फोटो आहेत, माझ्या निरोपसमारंभाचे तर दोन अल्बम आहेत. पण दादाचा टॅक्सीबरोबरचा एकही फोटो नाही. रोज धंद्याला न्यायच्या गाडीचा फोटो कोण काढतो?

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. दादाने पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, माझा आणि फियाटचा एक फोटो पाहिजे होता रे." (गाडीचं नाव पद्मिनी होऊन पन्नास वर्षं झाली, पण टॅक्सीवाल्यांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच.)

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने वडिलांची पद्मिनी अजून जपून ठेवली आहे. क्रीम रंगाची, खाजगी. तो आनंदाने तयार झाला. नातवाने मोबाइलवर दहाबारा फोटो काढले. दादाने चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाला, "हे नाक हिचं नव्हे. ही टेंपोसारखी दिसतेय."

नातू हसला. पण दादा बरोबर होता. गाडीचा पुढचा दिवा फुगला होता, मागचा भाग आखडून गेला होता, आणि मागच्या कडांचे ते किंचित उचललेले पंख तर दिसतच नव्हते. एकतीस वर्षं ज्याने ती गाडी रोज फडक्याने पुसली, त्याच्या हाताला तिचा आकार पाठ असणारच!

कारण शोधायला मला आठवडा लागला. मोबाइलच्या मुख्य भिंगात फार रुंद दृश्य मावतं, त्यामुळे चौकट भरण्यासाठी आपण गाडीच्या अगदी जवळ जातो. चार फुटांवरून जवळचा दिवा चार फुटांवर असतो आणि मागचं टोक सोळासतरा फुटांवर, म्हणून ते चौपट लहान दिसतं. पंचवीस फूट मागे सरकलं की हा फरक दीडपटीवर येतो. म्हणजे दोष अंतराचा. पण मागे सरकलं की गाडी चौकटीत चिमुकली होते. तिला मोठी करायला भिंग लांब पल्ल्याचं हवं, आणि असं वेगळं भिंग असलेले मोबाइल माझ्या पेन्शनला झेपणारे नव्हते.

पंधरा हजारांची मर्यादा ठरवून एका मंगळवारी सीएसएमटीला उतरलो आणि बोरा बाजारात शिरलो. पहिल्या दुकानातल्या मुलाने साठ हजारांचा मिररलेस पुढे केला. मी उठलो, तर म्हणाला, "काका, गाड्यांसाठी मग निदान हे ३००चं भिंग तरी घ्या." ते शर्यतीत पळणाऱ्या गाड्यांसाठी. आमची गाडी उभी, आणि फोटोग्राफरही फारसा पळणारा नव्हे.

तिसऱ्या दुकानात निकॉनचा डी ३२०० मिळाला. २०१२ सालचं मॉडेल, वापरलेला, चोवीस मेगापिक्सेलचा, सोबत १८-५५चं साधं भिंग. या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ५५चं भिंग जुन्या रोलच्या कॅमेऱ्यातल्या ८२ मिलिमीटरइतकं काम करतं. मला हवं होतं तेवढंच. दुकानदाराने शटर किती वेळा पडलं आहे तेही दाखवलं: अकरा हजार. भिंगाला बुरशी नाही हे मी बॅटरीच्या उजेडात स्वतः पाहिलं. साडेबारा हजारांत सौदा झाला. उरलेल्या पैशांत हातचा तिपाई आणि ५२ मिलिमीटरची पोलरायझर काच.

ही काच नसती तर सगळं फुकट गेलं असतं. दादाला स्टिअरिंगवर बसवलं, पंचवीस पावलं मागे गेलो, पाहतो तर पुढच्या काचेत आंब्याचं झाड आणि आभाळ, दादा गायब. पोलरायझर हळूहळू फिरवली. झाड विरत गेलं आणि आतून दादाचा चेहरा वर आला. मी दोनदा फिरवून परत आणला, उगाचच. बंपरच्या क्रोमवर मात्र ही काच चालत नाही, धातूवरची चमक तिला हटत नाही. त्यामुळे बंपरमध्ये पांढऱ्या शर्टातला एक मास्तर वाकलेला दिसतो, तो मीच.

सकाळची वेळ, ऊन अजून इमारतीमागे. काच बराच उजेड खाते, म्हणून तिपाईवर शटर जरा सावकाश ठेवलं आणि ओरडलो, "दादा, हलू नकोस." तो कसला हलतोय! उजवा हात स्टिअरिंगवर, डावा स्टिअरिंगजवळच्या गियरच्या दांड्यावर, नजर समोर.

आठ बाय बाराची प्रत काढून त्याच्याकडे नेली. त्याने ती खिडकीशी धरली. नाकाबद्दल काही बोलला नाही. बराच वेळाने वहिनींना हाक मारून म्हणाला, "बघ, गाडी फर्स्टमध्ये आहे."

वहिनींनी फोटो हातात घेतला. "दाढी तरी करून बसायचं होतं," त्या म्हणाल्या.