घर विकायला काढताना

आईबाबांचा कोथरूडमधला फ्लॅट विकायचा असं यंदा शेवटी ठरलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि बाबांचे गुडघे! एजंट आला, खोल्या फिरून पाहिल्या आणि म्हणाला, "काका, घर झकास आहे, पण सामान फार दिसतंय."

झालं! पुढचे चार वीकएंड त्यातच गेले.

अमेरिकेत याला होम स्टेजिंग म्हणतात. सिअ‍ॅटलकडच्या बार्ब श्वार्ट्झ या बाईंनी १९७०च्या दशकात हे प्रकरण सुरू केलं. हिशेब साधा आहे. बघायला येणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार मांडलेला दिसला पाहिजे. तुमचा मधे आला की संपलं.

मग काय, माळ्यावरच्या ट्रंका, बंद पडलेले दोन मिक्सर, शोकेसमधल्या बाहुल्या, सगळं निघालं. जड पडदे काढून खिडक्यांचे ग्रिल घासले, तर हॉल एकदम मोठाच वाटायला लागला. गळके नळ, कुरकुरणारी दारं दुरुस्त झाली. सगळीकडे एकाच रंगाच्या उजेडाचे एलईडी आले.

दाराच्या चौकटीवर माझ्या आणि ताईच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. रंगाऱ्यानं विचारलं, "घासू का?" आई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "घास बाबा. त्यांच्या पोरांना जागा नको का?"

खरी गोची झाली ती बेडरूमच्या भिंतीवरच्या ओलीची. एजंटचा सल्ला तयार होता, "दोन हात पुट्टी, वर चांगला रंग. आता पाऊस नाही, कळणार कोणाला?" मला डेमोची आदली रात्र आठवली. स्क्रीन चकाचक, बग जागच्या जागी!

बाबांनी सरळ नाही म्हटलं. कायदाही त्यांच्याच बाजूचा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५. नेहमीची काळजी घेऊनही खरेदीदाराला कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्यानं सांगायचा. वेगळा करार नसेल तर हे बंधनकारक आहे, आणि न सांगणं ही कायद्याच्या लेखी फसवणूक.

प्लंबरनं भिंत फोडली. पलीकडच्या बाथरूमचा जुना जीआय पाइप एल्बोपाशी गंजला होता. तिथे सीपीव्हीसी टाकला. पण ओल्या भिंतीवर रंग दिला की पोपडे ठरलेले, म्हणून भिंत पूर्ण सुकेपर्यंत तशीच उघडी ठेवली. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं ती भिंत बघूनच परत गेली. एजंटचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आईचंही, खरं तर.

व्यवहार अजून व्हायचाय. परवा आलेल्या जोडप्याला बाबांनी आधी प्लंबरचं बिल दाखवलं आणि मग बाल्कनी. ते दोघं पुन्हा येणार आहेत म्हणे, यावेळी आईवडिलांना घेऊन.