एकच साखळी, अनेक भाव

वस्तूचा भाव कारखान्यात ठरतो, असा ग्राहकाचा समज असतो. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालत आली आहे, त्यांना ठाऊक असते की भाव वाटेत चढतो. सायकलीच्या सुट्या भागांचा व्यापार याचे बोलके उदाहरण आहे.

जपानमधील साकाई येथे 1921 साली स्थापन झालेली शिमानो ही कंपनी जगभरच्या सायकलींना गियर, ब्रेक व साखळ्या पुरविते. हा माल दोन वाटांनी बाहेर पडतो. सायकल बनविणारे कारखाने तो मोठ्या संख्येने, साध्या खोक्यांतून, कमी भावात उचलतात. दुसऱ्या वाटेवर प्रत्येक देशातील वितरक व दुकानदार असतात. तेथे पायरीपायरीला गोदामाचे भाडे, अडकलेल्या भांडवलाचे व्याज आणि नफा भावात मिळत जातो. कारखान्यांकडे उरलेला माल एखाद्या विक्रेत्याने एकगठ्ठा घेतला, की तीच साखळी त्याच्याकडे स्वस्त मिळते.

कराचा हिशेब निराळाच. ब्रिटनमध्ये दुकानातील भावात 20 टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो. परदेशी जाणाऱ्या मालावरून तो वजा होतो. म्हणजे 120 पौंडांचा भाग परदेशस्थ ग्राहकाला 100 पौंडांत पडतो. अमेरिकेने 2016 साली जकातमुक्त पार्सलची मर्यादा 200 वरून 800 डॉलरवर नेली. ब्रिटनहून येणाऱ्या पार्सलांना ही सवलत ऑगस्ट 2025 पर्यंत मिळत होती. परिणामी अमेरिकेतील दुकानदाराला जो भाग वितरकाकडून घाऊक भावात मिळे, तोच त्याचा ग्राहक कधीकधी त्याहून स्वस्तात ब्रिटनहून घरी मागवी.

अशा वेळी दुकानदाराच्या सचोटीवरच संशय घेतला जातो. खरेदीपेक्षा कमी भावात तो विकू शकत नाही, आणि ग्राहकाने दाखविलेला भावही खोटा नसतो. काही दुकानदारांनी यावर सरळ मार्ग स्वीकारला. वस्तूचा भाव वेगळा आणि बसविण्याची मजुरी वेगळी असे दोन आकडे त्यांनी पावतीवर लिहिले. बाहेरून आणलेला भागही ते ठरलेल्या मजुरीत बसवून देतात. मात्र त्यात दोष निघाल्यास जबाबदारी मूळ विक्रेत्याची, हे आधीच सांगतात.

ग्राहक दुरून स्वस्त माल आणू शकतो. चाक अडले की मात्र त्याला जवळचेच दुकान लागते. त्या दुकानाचा भरवसा भाव पाडून टिकत नाही. कोणता पैसा कशासाठी घेतला, हे विचारण्यापूर्वीच सांगितल्याने टिकतो.